वर न गेलेला अंगठा

फ्लेक्सचा नमुना अमृतने मोबाइलवर दाखवला तेव्हा ग्रुप कॅप्टन सयाजी बारबोले यांना आधी हसूच आले. त्यांचा सत्तरी ओलांडलेला चेहरा एका तरण्याबांड वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये बसवला होता. मागे उडत असलेले विमान राफेल होते. त्यांनी आयुष्यात चालवलेल्या कोणत्याही विमानाशी त्याचा संबंध नव्हता. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘शत्रूची सहा विमाने पाडणारे सोलापूरचे सुपुत्र’.

“अमृत, एक विमान. एकाहत्तरच्या युद्धात मी शत्रूचं एकच सेबर पाडलं. आणि आमची नॅट विमानं एवढीशी होती, तुझ्या मिरवणुकीच्या ट्रॉलीत मावतील अशी.”

“काका, फ्लेक्सवर एक आकडा शोभतोय का? तुमीच सांगा की,” अमृत म्हणाला. “आन् नॅट कोण वळकतंय आता? पोरास्नी राफेल पायजे.”

अमृत त्यांच्या चुलतभावाचा नातू. भाऊबंद माढ्याकडे शेती करत राहिले आणि अमृत शहरात येऊन एका मंडळाचा अध्यक्ष झाला. महापालिकेच्या निवडणुकीत त्याला तिकीट हवे होते, हे तो लपवत नसे. नात्याने सयाजीराव त्याचे आजोबा लागत, पण सगळे मंडळ त्यांना काका म्हणे, म्हणून तोही म्हणे.

“निदान सहाचं एक कर,” सयाजीराव म्हणाले.

“छापायला गेलंय काका. आता कुटं रोखू?”

सयाजीरावांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची सून अपेक्षा हे ऐकत होती. ती महाविद्यालयात शिकवत असे आणि नवरा पुण्याला नोकरीला असल्याने घरात हे दोघेच असत. अमृत गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, वीरचक्र खोटं वाटावं इतकं मोठं करतायत ही मुलं.”

“उत्साह आहे गं. आपण काय बोलायचं.”

“तुम्हीच बोलायचं. दुसरं कोण बोलणार?”

त्यांनी वर्तमानपत्र उघडले. वर्षानुवर्षे शाळांमध्ये, रोटरीत, स्वातंत्र्यदिनाला तीच गोष्ट सांगताना त्यांनी एक शिकून घेतले होते. ऐकणाऱ्याला हवी तेवढी गोष्ट सांगावी आणि उरलेली आपल्यापाशी ठेवावी. कुणीतरी हमखास विचारी, साहेब, भीती नाही वाटली? ते हसून म्हणत, भ्यायला वेळ होता कुठे! मग टाळ्या पडत.

एक गोष्ट मात्र त्यांनी अमृतला बजावून सांगितली होती. मंडळाने ठरवलेल्या सत्काराच्या मंचावर गैबीसाब नदाफ यांना खुर्ची हवी.

“ते कोण?”

“माझं विमान तयार करणारा एअरमन. त्या दिवशी त्यांनीच मला विमानात बसवलं होतं.”

“नदाफ म्हणजे…” अमृत थांबला. “बघू की काका. मंचावरची नावं ठरल्यात. पुढच्या लाइनीत बसवू.”

हेही सयाजीरावांनी ऐकून घेतले.

गैबीसाबना मात्र त्याचे काही वाटले नाही. ते अक्कलकोटकडचे, हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, शहराच्या जुन्या पेठेत एका गल्लीच्या तोंडाशी राहणारे. सयाजीराव निमंत्रण द्यायला गेले तेव्हा ते दारात शेळीला पाला घालत होते.

“मंचावर न्हाय, लाइनीत बी न्हाय. मी कुटं बसत असतोय व्हय, साहेब?” ते म्हणाले. “मिरवणूक हितनंच जाणार न्हवं? मी दारात उभा ऱ्हातो. आपलं ते हातानंच बोलू.”

“हातानंच” म्हणजे काय, हे दोघांखेरीज तिसऱ्याला कळले नसते. लढाऊ विमानात वैमानिकाच्या खुर्चीखाली स्फोटक असते. विमान पडू लागले की तेच त्याला खुर्चीसकट बाहेर फेकते. जमिनीवर ते चुकून उडू नये म्हणून खुर्चीत पिना खोवलेल्या असतात आणि प्रत्येक पिनेला लाल फीत असते. उड्डाणाआधी एअरमन वैमानिकाचे पट्टे आवळतो, पिना काढतो, शिडीवरून उतरतो आणि विमानापुढे उभा राहून त्या पिना मुठीत उंच धरून दाखवतो. तुमची खुर्ची आता जिवंत आहे, माझे काम संपले, पुढचे तुमचे, असा त्याचा अर्थ. वैमानिक अंगठा वर करतो. त्यानंतरच विमान हलते.

निवृत्तीनंतर एकदा मंगळवारच्या बाजारात दोघांची अवचित गाठ पडली होती. गैबीसाबच्या मुठीत तेव्हा लाल देठांची माठाची जुडी होती. त्यांनी ती उंच धरली आणि सयाजीरावांनी भर बाजारात अंगठा वर केला. तेव्हापासून भेट झाली की आधी ते, मग नमस्कार आणि चहा. गैबीसाबची नात रुक्साना शाळेत मैत्रिणींना सांगे, वीरचक्रवाले साहेब माझ्या आजोबांना आधी सलाम करतात.

मिरवणूक डिसेंबरातल्या एका संध्याकाळी निघाली. पुढे लेझीम, मग डॉल्बीचा ट्रक, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फायबरचे विमान. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिराने ते केले होते, त्यामुळे त्याचे नाक पोपटाच्या चोचीसारखे खाली झुकले होते. विमानामागच्या उघड्या जीपमध्ये सयाजीराव उभे होते. अंगात गडद निळा कोट, छातीवर पदके, गळ्यात हार. एका हाताने त्यांनी जीपची दांडी धरली होती आणि दुसरा हात ते गर्दीकडे पाहून हलवत होते. अमृत शेजारी माइक घेऊन उभा होता. अपेक्षा मागच्या गाडीत होती.

बायका माड्यांवरून फुले टाकत होत्या. एका बाईने तान्हे मूल वर धरून त्यांना दाखवले. सयाजीरावांना बरे वाटत होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पत्नी गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवस लांब झाले होते. इतकी माणसे आपले नाव घेत आहेत हे पाहून त्यांचा कणा आपोआप ताठ झाला होता.

गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक थांबली.

आधी त्यांना वाटले की ट्रॅक्टर बंद पडला असावा. मग पुढची पोरे गल्लीकडे तोंड करून नाचू लागल्याचे दिसले. डॉल्बीवरचे गाणे बदलले. घोषणा सैन्याच्या राहिल्या नाहीत. कोणत्या देशाचे नाव घेतले जात होते आणि कोणाला तिकडे जायला सांगितले जात होते, हे समजायला फार ऐकावे लागत नव्हते. गल्लीतली दारे एकेक करून लागत होती.

पहिले दार उघडे होते. दारात गैबीसाब उभे होते. त्यांनी हवाई दलाचा जुना कोट इस्त्री करून घातला होता, छातीवर सेवापदके होती आणि डाव्या मनगटावर झेंडूचा हार लटकत होता. जीप जवळ आली की पुढे होऊन गळ्यात घालायचा, असे त्यांनी ठरवले असावे. पण मध्ये पोरे होती. ते पायरीवरच थांबले आणि त्यांनी उजवी मूठ उंच केली. मुठीत लाल फीत होती. घरातल्या मुलीच्या वेणीची असावी.

त्याच वेळी ट्रॉलीवर चढलेला एक पोरगा फायबरच्या विमानाच्या पंखावर हात आपटत ओरडला, “काका, एक हितं टाका की! हितंच!”

सगळे हसले. अमृत माइकमध्ये हसला. सयाजीरावांच्या चेहऱ्यावर संध्याकाळपासून असलेले हसू तसेच राहिले.

ते हसू पुसून टाकायला त्यांना किती वेळ लागला असता? त्यांनी गैबीसाबकडे पाहिले. गैबीसाबनी त्यांच्याकडे पाहिले. गर्दीकडे पाहून हलणारा हात मोकळाच होता. तो नुसता वर धरून अंगठा दाखवायचा होता. जीपभोवतीच्या शेकडो डोळ्यांना मग कळले असते की काकांनी कोणाला ओळख दिली. सयाजीरावांचा हात खाली आला आणि त्याने जीपची दांडी धरली. नजर वळून फायबरच्या विमानावर गेली.

जीप हलली तेव्हा त्यांनी मागे पाहिले नाही.

नाट्यगृहातल्या कार्यक्रमात त्यांना सोलापुरी चादर, फेटा आणि मानपत्र मिळाले. पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामीच राहिली आणि मग तिच्यावर कुणीतरी फेट्यांची खोकी ठेवली. सयाजीराव बोलायला उभे राहिले. गोष्ट नेहमीसारखी जिभेवर आली. धावपट्टीवरचे धुके, आकाशातला तो ठिपका, तोफेचा धक्का, आपल्या विमानाच्या शेपटीला पडलेली भोके. शाळेतल्या एका मुलीने विचारले, “सर, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“भ्यायला वेळ होता कुठे!” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. छातीवरचे पदक त्यांना कोटाला ओझे व्हावे इतके जड वाटले, आणि हे वाटणेही आपण कुठल्याशा भाषणातून उचलले आहे अशी शंका त्यांना आली.

परतताना गाडीत अपेक्षा म्हणाली, “नदाफकाका दारात उभे होते.”

“हो का? गर्दीत दिसलं नाही.”

पुढच्या सिग्नलला तिने गाडी थांबवली आणि समोर बघत राहिली. ही थाप तिला पटलेली नाही हे त्यांना कळले. तिला ती पटली असती तर बरे वाटले असते हेही कळले, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिक्षाने पेठेत गेले. चौकात त्यांचा फ्लेक्स लागलेला होता. त्यांनी मान वर केली नाही. आज त्या भागात पाणी आले होते. घरोघर नळाला पाइप लावून पिंपे भरणे चालले होते आणि गल्लीभर ओल झाली होती. चार दिवसांनी येणारे पाणी कोणी कोणासाठी थांबवत नाही. गैबीसाब लुंगी खोचून एका हाताने पाइप आणि दुसऱ्या हाताने पिंपाचे झाकण धरून उभे होते.

“अजी, साहेब आले देखो,” हुस्नाबी आतून म्हणाल्या. गैबीसाबच्या पत्नी उंच, सडसडीत होत्या आणि एरवी सयाजीरावांना पाहिले की पदर सावरत आधी चहाचे आधण ठेवत. आज त्या दारातच थांबल्या.

“या, साहेब. बसा. कोरडं हाय तितं,” गैबीसाब म्हणाले. त्यांचा हात वर झाला नाही. दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे काही विचारताही येत नव्हते.

सयाजीराव ओट्यावर बसले. शेळी त्यांच्या बुटाचा वास घेऊन गेली.

“काल तुम्ही हार आणला होता,” ते म्हणाले.

“हिनं खाल्ला की.” गैबीसाबनी हनुवटीने शेळीकडे दाखवले. “झेंडू लई आवडतोय हिला. वाया न्हाय गेला.”

“गैबीसाब, मी काल…”

“आवाज केवढा व्हता साहेब त्या डॉल्बीचा! हिची काचेची बशी फुटली मांडणीवरनं पडून. त्यात तुमास्नी काय दिसायचं आन् काय ऐकू यायचं? न्हाय दिसलं असंल.”

पिंप भरत आल्याने पाण्याचा आवाज बदलत होता. सयाजीरावांच्या लक्षात आले की हेच वाक्य त्यांनी काल गाडीत वापरले होते. आता तेच गैबीसाब त्यांच्यापुढे ठेवत होते, पाहुण्याला पाट द्यावा तसे. त्यावर बसले की झाले. चहा येईल, गुडघ्यांच्या दुखण्याच्या गोष्टी होतील आणि पुढच्या आठवड्यात बाजारात कदाचित पुन्हा मूठ वर होईल. हुस्नाबी त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या.

“दिसलं होतं,” ते म्हणाले.

गैबीसाबनी पाइप दुसऱ्या पिंपात घातला. “काय?”

“तुमचा हात दिसला होता. फीतही दिसली. तो पोरगा काय बोलला ते ऐकू आलं होतं. मी हसत होतो.”

गैबीसाबनी नळ बंद केला. बाजूच्या घरातले पाणी वाजत राहिले.

“मग झालं काय साहेब?” त्यांनी विचारले. आवाजात टोचणी नव्हती. बिघाड नेमका कुठे आहे हे विचारावे तसे त्यांनी विचारले होते.

“भ्यालो.”

“कुणाला? त्या पोरास्नी?”

“ती पोरं माझं काय करणार होती! त्यांच्या टाळ्या थांबतील म्हणून भ्यालो. जीपमधून ती माझ्याकडं बघत होती तशी बघायची थांबतील म्हणून.”

गैबीसाब ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकले. ओले हात त्यांनी लुंगीला पुसले.

“तवा बी भ्याला व्हता तुमी,” ते म्हणाले. “पट्टे आवळताना तुमचे गुडघे थडथड उडत व्हते. माझा हात त्यावरच व्हता.”

सयाजीरावांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिले.

“मी घरात सुदीक कुणाला सांगितलं न्हाय. हिला बी न्हाय. मला वाटलं, गडी भ्यालाय, तरी चाललाय. माझी छाती फुगली हुती साहेब, तुमास्नी ठाव न्हाय. आन् तुमी हर ठिकाणी सांगता, भीती वाटलीच न्हाय. बरं, म्हणलं, सांगू द्या.”

“मला तरी सांगायचं हुतं,” हुस्नाबी म्हणाल्या. मग त्या सयाजीरावांकडे वळल्या. “साहेब, मी गावठी बाई. पन काल रुक्साना खिडकीत हुती. तिनं इचारलं, दादी, ते आजोबांचे दोस्त हायत ना? मग हसले कशाला? मला जवाब आला न्हाय. ती आता शाळंत गेली. ती आली की तिला काय सांगू, ते तुमी सांगा.”

“हुस्ना,” गैबीसाब म्हणाले.

“का? मी चहा बी करीन. पन जवाब पायजे मला.”

सयाजीराव उठले. “संध्याकाळी माझ्याबरोबर मंडळात चला, गैबीसाब. त्या सगळ्यांसमोर मी तुमचा हात धरून सांगतो.”

“न्हाय.” हा शब्द पहिल्यांदाच कडक आला. “मला नेऊन उभं करू नका. मी काय दाखवायची वस्तू हाय का? माझा हात काल वर व्हता. माझं काम झालं. तुमचं तुमी बगा.”

चहा झाला नाही. सयाजीराव गल्लीतून चौकाकडे निघाले. वाटेत त्यांना रिक्षावाल्याने हाक मारली, पण ते चालतच राहिले. चौकात मंडळाच्या टपरीवजा कार्यालयाबाहेर पोरे चहा पीत बसली होती. पंखावर हात आपटणारा पोरगा त्यांच्यात होता. अमृत फोनवर कालचे फोटो पाठवत होता. काका दिसताच सगळे उठून उभे राहिले आणि एकाने खुर्ची पुसली.

“या काका! व्हिडिओ बघितला का? लई गाजतोय,” अमृत म्हणाला. “चहा सांग रे काकांना.”

सयाजीरावांचे गुडघे हलत होते. पँटच्या आत ते कुणाला दिसणार नव्हते. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, पण बसले नाहीत.

“काल तुम्ही जिथं थांबलात,” ते म्हणाले, “त्या पहिल्या घरात माझा माणूस राहतो. लढाईच्या दिवशी त्यानं मला विमानात बसवलं. त्याच्या दारात तुम्ही मला बॉम्ब टाकायला सांगितलंत, आणि मी हसलो. तुमचं चुकलं ते तुमच्यापाशी. माझं चुकलं ते मी सांगायला आलोय.”

पंखावाल्या पोराने हातातला कप खाली ठेवला.

“काका, पोरं हायत. मज्जा केली त्यांनी,” अमृत हळू आवाजात म्हणाला. “इतकं मनाला लावून घेऊ नका. बसा की.”

“फ्लेक्स काढ.”

“आँ?”

“सहा विमानं मी पाडली नाहीत. राफेल चालवलं नाही. आणि हे दात काढून हसणारं तोंड या गल्लीसमोर मला नको आहे. काढ.”

“काका, आमदारांचा फोटो हाय खाली. लोक काय म्हणतील?”

“अमृत, आणखी एक. काल मी त्या मुलीला खोटं सांगितलं. मला भीती वाटली होती. लढाईत वाटली होती आणि काल वाटली. तुझ्या व्हिडिओत तेही घाल.”

अमृतने फोन खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा आदर ओसरत होता आणि त्याजागी म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेण्याचा भाव येत होता. काल ज्याची धास्ती वाटली होती ते आता सयाजीरावांच्या समोर घडत होते. त्यात वेदना होती, पण अंदाजापेक्षा कमी होती. “ऊन लागलंय काकांना,” कुणीतरी पुटपुटले. एक जण हसला. ते तसेच उभे राहिले.

शेवटी पंखावाला पोरगा पुढे झाला. कुणाकडे न बघता त्याने शिडी लावली आणि एका बाजूची सुतळी सोडली. फ्लेक्सचा एक कोपरा लोंबू लागला आणि हेल्मेटातला चेहरा दुमडला.

सयाजीरावांनी गल्लीकडे पाहिले. गैबीसाब रिकामी बादली घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. इतक्या लांबून त्यांना शब्द ऐकू आले नसणार. ते शिडीकडे, लोंबणाऱ्या फ्लेक्सकडे आणि खुर्चीची पाठ धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत होते. बादली एका हातात होती, दुसरा हात मोकळा होता. तो वर झाला नाही.

पण ते आतही गेले नाहीत. पोरगा शिडी उचलून दुसऱ्या खांबाला लावेपर्यंत ते तिथेच उभे होते.